तोंड बघून

आमच्या दुकानात उंबऱ्यापासून गादीपर्यंत यायला गिऱ्हाईकाला चार पावलं लागतात. तेवढ्यात ठरवायचं असतं, मराठीत बोलायचं की कानडीत. 'या, बसा' म्हणायचं की 'बर्री, कूडरी'. अंदाज चुकला तर बेळगावात कुणी भांडत नाही. समोरचा मुकाट्यानं आपल्या भाषेत येतो, पण त्याच्या पाठीला जरा ताठपणा येतो आणि मग शेवटच्या दहा रुपयांपर्यंत तो काही जात नाही.

खडेबाजाराला लागून असलेल्या एका बोळात आमचं साड्यांचं दुकान. आजोबांनंतर आण्णा गादीवर बसले, आता मी बसतो आणि आण्णा माझ्या बाजूला लोडाला टेकून असतात. वय ८१. धंद्याचं म्हणून त्यांनी मला एकच शिकवलं: आधी तोंड बघ, मग तोंड उघड.

कारण आमच्याकडे कपड्यावरून काही कळत नाही. इरकल मराठी बाई नेसते तशी कानडी बाईही नेसते. खणाची चोळी दोघींची. उचगावचा मराठी म्हातारा आणि बैलहोंगलचा कानडी म्हातारा, दोघांची टोपी पांढरीच. राहतं ते तोंड. कपाळावर विभूती दिसली की कानडी, नाकात दोन्ही बाजूंना खडे दिसले की कानडी, ही झाली ढोबळ गणितं. आण्णांचं याच्या पुढचं होतं. माणूस काही बोलायच्या आतच त्यांना कळायचं. कानडी बोलणार असलेलं तोंड आणि मराठी बोलणार असलेलं तोंड वेगळं दिसतं, असं ते म्हणायचे. मला ते कधीच वेगळं दिसलं नाही.

भाषेचं एक झालं. गिऱ्हाईक घेणार की नुसतं ढिगारा उपसून जाणार, कुठल्या भावापर्यंत चढणार, हेही आण्णांना तोंडावरून कळायचं. नवराबायको समोर बसलेले असायचे, पंधरा-वीस साड्यांच्या घड्या मोडून झालेल्या असायच्या, आणि आण्णा कुणी काही न विचारता एकदम म्हणायचे, "वैनी, ही तुम्हाला आवडल्या, पण जड पडूलालंय. दोनशे सोडतो, घेऊन जावा." त्या बाईचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आमच्या गल्लीत आण्णांना 'मनकवडा' म्हणायचे, आणि त्यांनाही ते पटलेलं होतं.

मग मार्च २०२० आला. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून सगळा देशच बंद. वडगाव-खासबागचे माग थांबले. त्या भागातून एरवी गेलं की खटखटीत बोलणं ऐकू येत नाही. त्या महिन्यात तिथं कावळा ऐकू येत होता. मे महिन्यात दुकान उघडलं तेव्हा साडी कोण घेणार? ब्लाउजच्या अस्तराचे तागे पडून होते, शेजारच्या शिंप्याकडून त्याचे मास्क शिवून घेतले आणि दहा रुपयाला एक असे दाराशी टांगले. आमच्या पेढीवर तीन पिढ्यांत इतकी स्वस्त वस्तू कधी विकली नव्हती.

सगळ्यांची तोंडं झाकली, आता माणूस माणसाला तोंड बघून मापणार नाही, असं मला तेव्हा भाबडेपणानं वाटलं होतं. आठवड्यात कळलं की मापायचं थांबलेलं नाही, माप बदललंय. एन-९५ वाला म्हणजे पैसेवाला, नाहीतर डॉक्टरचा मेव्हणा. निळा सर्जिकल म्हणजे नोकरदार. पंचा गुंडाळलेला म्हणजे खेड्यातला. हनुवटीवर घेतलेला म्हणजे पोलिसापुरता. नाक बाहेर ठेवणाऱ्यांची एक वेगळीच जात होती. अगदी सुरुवातीला, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, मास्क लावून कुणी आलं तर 'याला काहीतरी झालंय' म्हणून आम्हीच दोन हात मागं सरायचो. जूनमध्ये मास्क नसलेला आला की मागं सरायचो. त्याच माणसाला आधी लावला म्हणून घाबरलो, नंतर काढला म्हणून. ऑक्टोबरात सरकारनं शहरातला दंड हजारावर नेला, ओरड झाली तेव्हा अडीचशेवर आणला आणि खेड्यात शंभर ठेवला. खेड्यातलं तोंड दीडशेनं स्वस्त.

कोगनोळीच्या नाक्यावर तर तोंड बघायची गरजच नव्हती, नंबरप्लेट बघायचे. कोल्हापूरची एमएच-०९ असली की गाडी बाजूला, आरटी-पीसीआरचा कागद दाखवा. केए-२२ किंवा केए-२३ असली की जरा सौम्यपणानं. माझी सख्खी आत्या कागलला असते. मास्क लावलेली ती आणि मास्क लावलेला मी, डोळे दोघांचे एकाच आजीवरून आलेले. पण तिची गाडी रोगाची आणि माझी गाडी घरची.

आणि नोव्हेंबरचं सांगायलाच पाहिजे. १ नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे एका गल्लीत राज्योत्सव, दुसऱ्या गल्लीत काळा दिन. १९५६ पासूनचं आहे हे, बाहेरच्याला समजावत बसत नाही. ऑक्टोबर २०२० च्या शेवटच्या आठवड्यात दाराशी टांगलेल्या मास्कांत लाल-पिवळे आहेत काय म्हणून विचारणारे आले. त्याच दिवसात साधे काळेही एकदम खपायला लागले. मी व्यापारी माणूस, दोन्ही शिवून घेतले आणि दोन वेगळ्या खिळ्यांना टांगले. चार पावलांत जे ओळखायला मला धाप लागायची ते आता लांबून, रस्त्याच्या पलीकडूनच कळत होतं. फक्त आठवडाभर, पण कळत होतं.

या सगळ्यात आण्णांचं काय झालं ते मात्र आम्हाला फार उशिरा समजलं.

ते चिडचिडे झाले. गिऱ्हाईकाशी तुटक बोलायला लागले. कुणी मोरपंखी मागितली तर राखाडी काढायला सांगायचे. मराठी बाईला कानडीत, कानडी बाईला मराठीत. संध्याकाळी हिशेब लिहिताना कुरकुर: "हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलूलालेत. शिस्तच नाही." आम्हाला वाटलं वय झालं, डोक्यावर परिणाम झाला. आईनं तर देवाला कौल लावला. एक दिवस दुपारी मी जेवताना मास्क काढून त्यांच्याशी बोललो, चांगले पंधरा मिनिटं, धड. मग मास्क लावला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.

त्यांना ऐकू येत नव्हतं. त्या महिन्यापासून नाही. डॉक्टर म्हणाले, निदान दहा-बारा वर्षं झाली असतील. त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. ते ओठ वाचत होते, मराठी आणि कानडी दोन्ही.

घरी आलो आणि मला एकदम तो मनकवडेपणा उलगडला. समोर बसलेली बाई नवऱ्याच्या कानाशी लागून पुटपुटायची, 'बाळ आत', म्हणजे फार झालं. दोन हातांवर बसलेल्या मलाही ते ऐकू यायचं नाही. आण्णांना ऐकू यायचा प्रश्नच नव्हता, त्यांना दिसायचं. 'ब' म्हणताना ओठ मिटतात. आणि 'बोलायच्या आधीच भाषा कळते' तेही तेच: आत येतायेता, बोळातून, माणसं आपसात बोलत येतात. आण्णा चार पावलं आधीपासून त्यांचं बोलणं बघत होते. चेहरे वाचण्याची कला म्हणून आम्ही ज्याचा एवढा डंका पिटला ती मुळात बहिऱ्या माणसाची सोय होती. मी तीस वर्षं त्यांच्याकडे बघून गिऱ्हाईकांच्या कपाळात काहीतरी शोधत राहिलो. कपाळात कधीच काही नव्हतं.

हे मी भाचीला फोनवर सांगितलं. ती तेव्हा धारवाडला मानसशास्त्र शिकत होती. मग तिनं मला जगभरचे अभ्यास पाठवायला सुरुवात केली, मामाला कळेल अशा भाषेत समजावून. २००६ सालचा एक अभ्यास प्रिन्स्टनचा. अनोळखी चेहरा सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवला तरी माणूस ठरवून मोकळा होतो, हा विश्वासाचा आहे की नाही. बघायला जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, वाढतो तो आपल्या मतावरचा भरवसा. हे वाचून मी हसलो. चार पावलं म्हणजे मी स्वतःला फार सावकाश समजत होतो.

टोरांटोच्या एका विद्यापीठानं चेहरे ओळखण्याची चाचणी मास्क लावून घेतली, तर ओळखण्यात साधारण १५ टक्के घट आली. जर्मनीतल्या बाम्बर्गचा एक प्राध्यापक, कार्बन नावाचा, त्यानं २०२० मध्येच भावना ओळखायला लावल्या. मास्क लावल्यावर किळस आलेला चेहरा लोकांना रागावलेला वाटला. हसणारा, दुःखी, रागावलेला यांतले बरेच कोरे वाटले. भीती तेवढी बऱ्यापैकी कळली, कारण ती डोळ्यांत असते.

पण मला सगळ्यांत पटला तो देखणेपणाचा अभ्यास. जपानमध्ये होक्काइदोच्या संशोधकांनी साथीच्या आधीच, २०१६ मध्ये दाखवलं होतं की पांढऱ्या मास्कमुळे देखणा चेहरा कमी देखणा वाटतो. मास्क म्हटलं की आजार आठवतो. साथ आल्यावर पुन्हा बघितलं तेव्हा पारडं हललेलं होतं, फारशा देखण्या नसलेल्या चेहऱ्यांना मास्कनं चक्क वर नेलं. इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये, कार्डिफला, ४३ बायकांना पुरुषांचे फोटो दाखवले: उघडे, कापडी मास्कचे, निळ्या सर्जिकल मास्कचे आणि काळ्या पुस्तकानं तोंड झाकलेले. निळा मास्क पहिला आला. माझ्या दहा रुपयांच्या अस्तरापेक्षा निळा वरचढ, हे मला धंद्यातूनही कळलंच होतं. भाची म्हणते, झाकलेला अर्धा चेहरा आपलं डोकं भरून काढतं आणि भरताना कंजूषपणा करत नाही. साडी विकणाऱ्याला यात नवल नाही. पदर पूर्ण उलगडायचा नसतो, अर्धा दाखवायचा. उरलेला गिऱ्हाईक मनात विणतं.

तिनं सांगितलेली एक गोष्ट मात्र या सगळ्याहून माझ्या डोक्यात राहिली. १९१० च्या हिवाळ्यात मंचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला. तिथं वू लियेन-ते नावाचा डॉक्टर पाठवला, पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला, वय तिशीच्या आसपास. हा रोग श्वासातून पसरतो, म्हणून कापूस आणि जाळीच्या कापडाचा मास्क सगळ्यांनी लावावा, असं त्यानं सांगितलं. मेस्नी नावाचे एक अनुभवी फ्रेंच डॉक्टर तिथं आले. त्यांनी त्या तरुण चिनी डॉक्टरचं म्हणणं मानलं नाही. मास्क न लावता रोगी तपासायला गेले आणि काही दिवसांतच, जानेवारी १९११ मध्ये, प्लेगनं गेले. मेस्नींनीही तोंड बघूनच ठरवलं होतं, कुणाचं ऐकायचं ते.

आमच्याकडच्या लग्नांनी मात्र यावर उपाय काढला. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत साथ जरा ओसरली, रखडलेली लग्नं निघाली. खानापूरकडची एक मंडळी साखरपुड्याच्या साड्या घ्यायला आली होती. मुलाची मावशी बोलकी. म्हणाली, मुलगी बघायला गेलो तर सगळेच तोंड बांधून बसलेले; काढा म्हणायचं तरी कसं? मी पोराच्या कानात सांगितलं, पोहे येतील तेव्हा बघून घे. पोह्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं काम मिळालं. मी विचारलं, मग? तर तो मुलगा स्वतःच म्हणाला, "पोहे येस्तोवर अर्धा तास बोललो होतो ओ. नंतर बघितलं काय नि न बघितलं काय." मावशीला ते फारसं आवडलं नाही. त्या मंडळींना नवरीच्या शालूच्या काठाचे मॅचिंग मास्क हवे होते, जरीचे. सहा शिवून दिले. जरी नाकाला टोचते, पण लग्नात काय टोचत नाही.

आणि मग तो एप्रिल.

एप्रिल २०२१ च्या शेवटी पुन्हा सगळं बंद झालं. सकाळी सहा ते दहा किराणा, भाजी, दूध, कापड नाहीच. आम्ही दुकानाच्या वरच राहतो. एका सकाळी खालून शटर वाजलं. अर्धं वर करून बघितलं तर पन्नाशीचा एक माणूस, पांढरा कापडी मास्क, अंगात इस्त्रीचा शर्ट. "हिरवी साडी पाहिजे होती. चांगल्यातली." डोळे बारीक झालेले, कडेला सुरकुत्यांचं जाळं. मी म्हटलं, हा माणूस हसतोय. मोजक्या माणसांत लग्नं उरकायची चालली होती तेव्हा. मी कपाटाकडे वळतावळता, उगाच गोड आवाज काढून विचारलं, "मग, लग्न कुणाचं?"

तो म्हणाला, "मालकिणीला पाहिजे. काल रात्री गेली."

सवाष्ण गेली की हिरवी नेसवून, मळवट भरून पाठवतात. त्याला आत सोडलं नव्हतं. पिशवीत बांधून देणार, तोंडही दिसणार नव्हतं. दारावरचा एक पोरगा म्हणाला होता, साडी आणा मामा, वरनं तरी घालतो.

मी बराच वेळ कपाटाकडेच तोंड करून उभा राहिलो. मग दोन काढल्या, एक बाजूला ठेवून त्यानं दुसरी निवडली. काठ हातात धरून बघितला, नीट, बायकोबरोबर येऊन बघितला असता तसाच. मी पैसे नको म्हटलं. त्यानं नोटा गादीवर ठेवल्या. "उधारीची नको तिला." मी उरलेले परत दिले. घ्यायला नको होते की घेतले हेच बरं झालं, मला अजून ठरवता येत नाही.

खूप नंतर भाचीला विचारलं की मला ते हसणं कसं वाटलं. ती म्हणाली, मामा, खरं हसताना डोळ्याभोवतीचा जो स्नायू आवळतो तोच रडतानाही आवळतो. फरक खाली असतो, ओठांच्या कोपऱ्यांत. डुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये खऱ्या हसण्याच्या त्या स्नायूवर लिहून ठेवलंय. ठीक आहे. पण मला माहीत आहे की एकट्या मास्कची ती चूक नव्हती. तोंड झाकलेलं असताना मी विचारून घ्यायला हवं होतं, 'कशासाठी पाहिजे?' एवढंच. मी त्याच्या डोळ्यांवर माझ्या धंद्याला बरी अशी गोष्ट शिवून टाकली.

त्यानंतर मी थोडा बदललो, निदान मास्क होते तोवर. गिऱ्हाईक आलं की गप्प राहायचं. हातानं 'बसा' दाखवायचं आणि त्याला आधी बोलू द्यायचं. ज्या भाषेत तो बोलेल त्या भाषेत आपण. इतकं सोपं होतं आणि तीन पिढ्यांत आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. कित्येक जण मला त्या दोन वर्षांत नुसते आवाजानं माहीत झाले. त्यांतल्या एक वैनी अनगोळच्या, दर दोन महिन्यांनी खण घेऊन जायच्या; पिशव्या, तोरणं असं काहीतरी शिवून विकत असणार. स्वच्छ मराठी, खालचा आवाज, घासाघीस अजिबात नाही. डोळे, कुंकू आणि आवाज, एवढीच ओळख.

आण्णांना दरम्यान कानाचं यंत्र आणलं. ते दुकानात लावत नाहीत. म्हणतात, "त्यातनं सगळंच ऐकू येतं."

२०२२ च्या उन्हाळ्यात मास्क गेले. दाराशी टांगलेले उरलेले मास्क मी काढून पोत्यात भरले. आणि एका सकाळी उंबऱ्यातून एक बाई आत आल्या. साधी साडी, हातात कापडी पिशवी, आणि नाकात दोन्ही बाजूंना खडे, लखलखीत. माझं तोंड माझ्या आधी बोललं, "बर्री अक्का, कूडरी. एन तोर्सली?"

त्या क्षणभर थबकल्या आणि मग कानडीतच म्हणाल्या, खण दाखवा. चांगली कानडी होती. मी दाखवले, त्यांनी निवडले, भाव कानडीत झाला, गुळेदगुड्डच्या खणांचा माल कमी येतो हेही कानडीत झालं. आवाज कुठं तरी ऐकलाय असं मला वाटत होतं, पण खड्यांवरून नजर हलत नव्हती. त्यांनी पाकीट काढलं आणि मान खाली घालून नोटा मोजायला लागल्या, ओठातल्या ओठात, आवाज न करता.

आण्णा लोडाला टेकून त्यांच्याकडे बघत होते.

"मराठी आहेत रे त्या," ते म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं. "तीन, चार म्हणूलालेत."

वैनींनी वर बघितलं. मग हसल्या, ओठांनी, आणि मी दोन वर्षं ज्या आवाजाला ओळखत होतो त्या आवाजात म्हणाल्या, "दादा, मला वाटलं तुम्हीच आता कानडी झालात." त्यात मोजायचं चुकलं. त्यांनी नोटा पुन्हा एकत्र केल्या आणि पहिल्यापासून मोजायला लागल्या, या वेळी आण्णांकडे तोंड करून, मोठ्यानं.